ग्रुप टूरने जावं की आपलं आपण? मराठवाड्यातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की मे महिन्याच्या टूरच्या जाहिराती सुरू होतात. मग घरात चर्चा निघते. वडिलांना काशी करायची असते, मुलांना बर्फ बघायचा असतो आणि सुनेला नुसती चार दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी असते. पैसे भरायच्या आधी नांदेडपासून धाराशिवपर्यंत जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. कुठल्या कंपनीची शिफारस यात नाही, मतं मात्र भरपूर आहेत.

ग्रुप टूर घ्यायची की नाही, हे ठरवायचं तरी कशावरून?

तुमच्या घरात प्रवासाचा व्याप कोण उचलतं, ते आधी बघा. गाडीची तिकिटं काढायची, हॉटेलवाल्याला फोन करायचा, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची, आजीची बीपीची गोळी लक्षात ठेवायची, रात्री दहा वाजता जेवायला कुठे मिळेल ते शोधायचं. बहुतेक घरांत ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. बाकीच्यांची सहल होते, त्याची होत नाही. टूर कंपनी आपल्याकडून पैसे घेते ते मुख्यतः हा व्याप उचलण्याचे. बस, खोली आणि जेवण आजकाल मोबाईलवरून कोणालाही मिळवता येतं.

म्हणून घरातल्या त्या माणसालाच विचारा. "मला यातच मजा येते" असं तो म्हणाला तर टूर घेऊ नका. सकाळी साडेसहाला बॅग खोलीबाहेर, सातला नाश्ता, आठला बस हे वेळापत्रक त्याला दोन दिवसांत नकोसं होईल. "मला या वेळी काही बघायला लावू नका" असं म्हणाला तर मात्र टूर घ्या आणि पैशांवरून फार चिकित्सा करू नका.

जागेचाही थोडा विचार लागतो. रोज नवं गाव, अनोळखी भाषा, डोंगरातले रस्ते, सोबत साठीच्या पुढची माणसं असा मार्ग असेल, म्हणजे काश्मीर, चारधाम, ईशान्य भारत किंवा रामेश्वर-कन्याकुमारीपर्यंतचा दक्षिणेचा फेरा, तर टूर कामाला येते. गोवा, महाबळेश्वर किंवा तिरुपती अशा ठिकाणी तळ ठोकूनच राहायचं असतं. तिथे चाळीस माणसांसोबत जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

स्वतः गेलं की स्वस्त पडतं ना?

कधी पडतं, कधी नाही. पण बहुतेक लोक हिशोबच चुकीच्या ठिकाणाहून सुरू करतात. जाहिरातीतली किंमत मुंबई किंवा पुण्यापासूनची असते आणि आपण राहतो लातूरला, हिंगोलीला, नाहीतर माजलगावला. त्यामुळे हिशोब घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत करायचा.

समजा जाहिरातीत माणशी ३५,००० रुपये लिहिलेत. त्यावर पॅकेजचा ५ टक्के जीएसटी म्हणजे १,७५० रुपये, तो आत धरलाय की वेगळा ते विचारा. मुंबईहून विमान पहाटे सहाचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागतो. परतीचं विमान रात्री अकराला उतरलं की आणखी एक मुक्काम, किंवा रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये. त्यात टॅक्सी आली, स्टेशनवरचं जेवण आलं. शिवाय आठ दिवसांच्या टूरला रजा दहा दिवसांची लागते, तीही किंमतच आहे. याउपर टूरमध्ये न धरलेलं सगळं मिळवा: दुपारची जेवणं, प्रवेश फी, टिप, घोडा, रोपवे. एवढं कागदावर मांडलं की मगच स्वतः जाण्याच्या खर्चाशी तुलना होऊ शकते.

बरेच जण एक गोष्ट विचारायची विसरतात. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे 'जॉइनिंग-लीव्हिंग'चा दर असतो. म्हणजे मुंबईच्या विमानाचे पैसे द्यायचे नाहीत, आपलं आपण दिल्लीला किंवा अमृतसरला पोचायचं आणि तिथून टूरमध्ये सामील व्हायचं. आपल्या भागासाठी हे फार सोयीचं आहे. संभाजीनगरहून दिल्लीला थेट विमान आहे. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून निघून परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्लीमार्गे थेट अमृतसरला जाते, आणि वाटेत स्टेशनवर लंगर मिळतो तो वेगळाच. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या लोकांनी तर मुंबईआधी हैदराबादकडे बघावं, विमानतळ तोच जवळ पडतो.

एकच काळजी घ्या. आपली गाडी उशिरा पोचली तर ग्रुप तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढच्या मुक्कामापर्यंतचा खर्च तुमचा असतो. जॉइनिंग घेतलंत तर एक दिवस आधी पोचा.

मोठ्या नावाची कंपनी घ्यावी की आपल्या गावातली यात्रा कंपनी?

या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी जात वेगळी आहे.

गावातली यात्रा कंपनी म्हणजे बहुधा एक अनुभवी माणूस, दोन आचारी, एक-दोन बस आणि वीस-बावीस दिवसांचा फेरा. उतरायला धर्मशाळा किंवा भक्तनिवास, जेवायला आपल्या चवीचं गरम गरम, सोबतीला ओळखीपाळखीची माणसं. कोणाची चप्पल हरवली तरी सगळी बस शोधते. बस तुमच्या तालुक्यातून निघते, त्यामुळे मुंबई-पुण्याचा खर्च वाचतो. काशी, गया, प्रयाग, अयोध्या करायचं असेल, अंघोळीला बादलीभर गरम पाणी मिळालं तरी चालणार असेल, तर हा प्रकार झकास. अडचण असते ती लेखी कागदाची. सगळं "काळजी करू नका, बघून घेऊ" वर चालतं. आयोजक चांगला असेल तोवर तो खरंच बघून घेतो.

मोठ्या कंपनीत याच्या उलट असतं. अटी छापील, हॉटेल बरं, विमान ठरलेलं, सोबत टूर मॅनेजर. तो आपुलकीने वागतो, पण बसमधले चाळीस लोक चाळीस ठिकाणचे असतात, आणि "आज देवळात जरा जास्त वेळ बसू द्या" म्हटलं तर घड्याळ दाखवलं जातं.

तिसराही पर्याय आहे: आयआरसीटीसीच्या भारत गौरव गाड्या. इकॉनॉमी, स्टँडर्ड आणि कम्फर्ट अशा श्रेणी असतात, म्हणजे साधारण स्लीपर, थर्ड एसी आणि सेकंड एसी. शाकाहारी जेवण, फिरायला बस आणि मुक्काम त्यात धरलेला असतो. लांबच्या तीर्थयात्रेला बसपेक्षा पाठीला हे बरं. ज्या गाडीचा थांबा मनमाड किंवा आपल्याकडच्या एखाद्या स्टेशनवर असेल तीच बघा.

कोणाकडेही पैसे भरा, पण बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. कंपनीचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पैसे कंपनीच्या नावच्या खात्यात भरा, आयोजकाच्या मेहुण्याच्या फोनवर पाठवू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता टूर कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नाही म्हणून कोणी लबाड ठरत नाही.

आणि रेल्वेच्या डब्यात सिलिंडर घेऊन स्वयंपाक करणारी यात्रा असेल तर नाव काढून घ्या. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनजवळ उत्तर प्रदेशातल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागून नऊ जण गेले. लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे ती आग लागली होती. गरम चहापायी एवढी जोखीम घ्यायची गरज नाही.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची?

चष्मा लावून, आणि शक्यतो दोघांनी मिळून. चित्रं चांगलीच असतात, बघायचं ते शब्दांकडे.

हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. हे तत्सम कधी कधी गावाबाहेर आठ किलोमीटरवर निघतं. मागच्या तुकडीला नेमकं कुठे उतरवलं होतं ते विचारा.

'बाहेरून दर्शन', 'फोटो स्टॉप', 'वाटेत पाहणे' याचा अर्थ आत नेणार नाहीत. ज्या एका जागेसाठी तुम्ही टूर घेताय तिच्यापुढे यातला एखादा शब्द असेल तर टूर बदला.

आठ दिवस आणि सात रात्री असं लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर पोचणार आणि शेवटच्या दिवशी नाश्ता करून निघणार असाल तर हातात सहाच दिवस राहतात.

वारही तपासा. आपल्या अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते आणि वेरूळला मंगळवारी, हे संभाजीनगरच्या पोराटोरांना ठाऊक असतं. पण परगावची कंपनी बाहेरच्या पाहुण्यांना नेमकी सोमवारीच अजिंठ्याला घेऊन येते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. पत्रिकेत आग्रा शुक्रवारी दिसलं तर समजा की ती घाईत कोणीतरी जुळवली आहे, मग बाकीचे दिवसही बारकाईने बघा.

रेल्वेने जाणार असाल तर एक सोपी परीक्षा घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं. चार महिने आधीच "तुमची तिकिटं कन्फर्म आहेत" असं सांगणाऱ्याला पीएनआर मागा.

बसचे तास मोजा. एका दिवसात ३५० किलोमीटर डोंगरी रस्ता आणि दोन मंदिरं लिहिलेली असतील, तर एक मंदिर तरी अंधारात बघाल. आणि रात्रीचा प्रवास असेल तर दोन चालक आहेत का, हे बिनधास्त विचारा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

दुकानांत जबरदस्तीने नेतात का?

जबरदस्ती नसते, पण बस तिथेच थांबते आणि तासभर हलत नाही. बनारसला शालू, जयपूरला रजया, काश्मीरमध्ये केशर आणि शाली, दक्षिणेत रेशीम. बऱ्याच ठिकाणी दुकानदाराकडून कोणाला ना कोणाला कमिशन मिळतं आणि ते तुमच्या बिलातूनच जातं. घ्यायचंच असेल तर घ्या, नसेल तर बाहेर चहा प्या. गयेला पिंडदान करायचं असेल तर गुरुजींची दक्षिणा टूरमध्ये धरलीय की नाही ते निघण्याआधी ठरवा. नदीकाठी उभं राहून केलेली बोलणी महागात पडतात.

आई-बाबांना त्यांचे ते पाठवू का? आम्हाला रजा मिळत नाही.

हा खरा अवघड प्रश्न. काशी-अयोध्या किंवा रामेश्वर असेल, दोघांची तब्येत धडधाकट असेल आणि निदान एक ओळखीचं जोडपं सोबत असेल, तर खुशाल पाठवा. मुलांसोबत जाण्यापेक्षा आपल्या वयाच्या माणसांत ते जास्त रमतात, असं पुष्कळदा दिसतं. मुलगा सोबत असला की त्याची घाई, त्याचा फोन, "बाबा, लवकर चला".

डोंगरातल्या यात्रेचा मात्र वेगळा विचार करा. मराठवाड्यातली बहुतेक शहरं समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या खालीच आहेत. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, आणि गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरहून जास्त चढ आहे. अमरनाथची गुफा ३,८८८ मीटरवर. अमरनाथला १३ वर्षांखालच्या आणि ७० वर्षांवरच्या माणसांना परवानगीच नाही, शिवाय ठरवून दिलेल्या डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. उत्तराखंडच्या चारधामसाठी आधी सरकारी नोंदणी करावी लागते. कंपनी करून देत असेल तर तिची प्रत मोबाईलवर मागवून घ्या.

उंचीवर हवा विरळ होते. गुडघ्यांचा त्रास घोडा किंवा डोली करून निभावतो, धाप निभावत नाही. ज्यांना दमा आहे, हृदयाचं काही झालंय, किंवा बीपी गोळ्यांनीही आटोक्यात राहत नाही, त्यांनी पैसे भरण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मार्ग आणि उंची सांगून विचारावं. "मी रोज शेतात जातो, मला काय होतंय" हे म्हणणारे आबा सगळ्या घरांत असतात. त्यांना महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर भरभर चालायला लावा. धाप लागते का ते त्यांचं त्यांनाच कळेल.

घोडा, डोली आणि हेलिकॉप्टर याचे पैसे टूरच्या किमतीत बहुतेक नसतात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लिंका उघडू नका, त्यात लोक फार फसतात.

पाठवताना गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त द्या आणि त्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवायला सांगा, बसच्या डिकीत जाणाऱ्या बॅगेत नको. खिशात एक चिठ्ठी: नाव, तुमचा नंबर, टूर मॅनेजरचा नंबर, आजार आणि औषधं. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो. घाऊक तिकिटं काढणारा आयोजक तो वापरेलच असं नाही, म्हणून आठवण करा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्येच बंद झाली आहे. ती देतो म्हणणाऱ्याकडे नीट बघून घ्या.

सरकारी खर्चाने तीर्थयात्रा होते म्हणतात, ते खरं का?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना आणली. साठ वर्षं पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि माणशी तीस हजारांपर्यंतचा खर्च, अशा तिच्या अटी जाहीर झाल्या. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून त्या भरवशावर ठरलेली यात्रा पुढे ढकलू नये.

जेवणाचं काय? भाकरी मिळते का?

गावच्या यात्रा कंपनीत मिळते, ठेचाही मिळतो. मोठ्या मराठी कंपन्या एखाद्या दिवशी पिठलं-भाकरीचा बेत ठेवतात आणि त्याचे फोटो वर्षभर वापरतात. बाकी दिवस पनीर. माळकरी असाल, कांदा-लसूण चालत नसेल, एकादशीचा किंवा सोमवारचा उपवास असेल, तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. आणि तरीही शेंगदाण्याचे लाडू, चटणी आणि धपाटे सोबत ठेवा. तिसऱ्या दिवशी सगळी बस तुमच्याकडे मागायला येईल.

एकटीने ग्रुप टूरला जावं का?

जावं. पहिल्या प्रवासासाठी याहून सोयीचा मार्ग सापडणार नाही. खर्चाची एक मेख आहे: टूरचा दर एका खोलीत दोघं धरून असतो. स्वतंत्र खोली हवी तर जादा पैसे, आणि ते थोडेथोडके नसतात. कंपनी जोडीला दुसरी एकटी बाई देऊ शकते. ती मिळाली नाही तर जादा पैसे कोणी भरायचे, ते आधी लिहून घ्या. नुसत्या महिलांच्या टूरही निघतात. तिथलं वातावरण मोकळं असतं, कोणाच्या चहाची वेळ सांभाळावी लागत नाही. नवरा गेल्यावर वर्षभर घराबाहेर न पडलेल्या बायका तिथे पहिल्यांदा हसताना दिसतात. सासरच्यांच्या परवानगीचा प्रश्न कुठल्या कंपनीच्या हातात नसतो, तो तुम्हालाच सोडवावा लागेल.

लहान मुलांना न्यावं का?

पाच वर्षांच्या आत शक्यतो नको. पोराचं पोट बिघडलं तर बस थांबेल, पण चाळीस चेहरे तुमच्याकडे बघतील. दहाच्या पुढची मुलं रमतात. वेगळी गादी न घेता मुलांचा दर कमी असतो, तो विचारून घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

कंपन्यांची वेळापत्रकं शाळांच्या सुट्ट्यांवर आणि मुंबई-पुण्याच्या पगारावर बसवलेली असतात. आपल्याकडे शेतीचं वेळापत्रक वेगळं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन काढणीला येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि ज्वारी, एप्रिल-मे लग्नसराई, आणि मृग लागला की पेरणीची घाई. यातून मोकळा सापडतो तो नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. दक्षिण भारत, राजस्थान, कच्छ आणि ओडिशाला हाच काळ चांगला, आणि दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरल्यामुळे दरही बरे असतात. काशीलाही थंडी सोसत असेल तर जा, फक्त डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात.

चारधामला पर्याय कमी. गंगोत्री-यमुनोत्री अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदार-बद्री त्याच सुमाराला, आणि दिवाळीनंतर सगळं बंद होत जातं. मे महिन्यात प्रचंड गर्दी, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी. जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झालं ते कोणी विसरलेलं नाही. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा तिथे छान असतो, पण नेमकी तेव्हाच सोयाबीनची मळणी. शेती बटाईने दिलेल्यांनी आणि निवृत्तांनी ही संधी सोडू नये. अधिक महिना असलेल्या वर्षी तीर्थांवर गर्दी दुप्पट धरून चाला.

कंपनी नको, आपणच गल्लीतले तीस जण मिळून बस केली तर?

राज्यातल्या राज्यात असेल तर एसटी प्रासंगिक कराराने मिळते. आगारात अर्ज करायचा, किलोमीटर आणि दिवसांवर आकारणी होते. अष्टविनायक, कोल्हापूर-पंढरपूर किंवा राज्यातली ज्योतिर्लिंगं यांना हे चांगलं. त्यातली तीन तर आपल्याच दारात आहेत: घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ. परराज्यात जायचं असेल तर खासगी बसचा परवाना, विमा आणि फिटनेस या तिन्हीची मुदत स्वतः बघा, मालकाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

बसपेक्षा अवघड असतो तो हिशोब. पैसे एकाने सांभाळायचे, खर्च दुसऱ्याने लिहायचा आणि रोज रात्री वाचून दाखवायचा. सुटणाऱ्याचे पैसे परत मिळतील की नाही हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. ऐनवेळी दोन घरं गळाली की उरलेल्यांवर बोजा येतो आणि वर्षानुवर्षांची शेजारधर्माची नाती त्या पंधराशे रुपयांवरून बिघडतात. आणि एक उघड गोष्ट: घरातला व्याप उचलणारा तो माणूस आता तीस जणांचा व्याप उचलणार असतो. त्याचं भाडं सगळ्यांनी मिळून भरायला हरकत नसावी.

रजा प्रवास सवलतीत टूरचं बिल चालतं का?

आयकरातली सूट देशांतर्गत प्रवासाच्या भाड्यापुरतीच असते. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही, आणि चार वर्षांच्या गटात दोनच प्रवास धरतात, तेही जुनी करप्रणाली घेतली असेल तर. म्हणून कंपनीकडून भाड्याची रक्कम वेगळी दाखवलेलं बिल आणि तिकिटं घ्या. तुमच्या खात्याचे नियम आणखी वेगळे असू शकतात, कार्यालयातल्या लेखा विभागाला आधीच विचारा.

परदेशाची पहिली टूर घ्यायची आहे. वेगळं काय बघायचं?

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने हवी. पासपोर्टवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही बघा. आपल्याकडे बायकांची माहेरची आणि सासरची नावं दोन कागदांवर दोन तऱ्हेने असतात आणि ऐन व्हिसाच्या वेळी घोळ होतो. परदेशी पॅकेजवर जीएसटीशिवाय टीसीएस, म्हणजे कंपनीने पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर, कापला जातो. त्याचा दर गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलला आहे, म्हणून चालू दर विचारा. ते पैसे बुडत नाहीत, आयकर विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण भरताना खिशातून जातातच. व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे कापणार, हे लेखी घ्या. प्रवास विमा काढताना आधीपासूनचे आजार लपवू नका, नेमका त्याच कारणावरून दावा फेटाळला जातो.

परदेशात ग्रुप टूरच्या बाजूने माझं मत जास्त झुकतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला विमानतळावरच्या रांगाच घाबरवतात.

पैसे भरले आणि टूर रद्द झाली किंवा आम्हीच रद्द केली तर?

तुम्ही रद्द केली तर निघण्याच्या तारखेच्या जितकं जवळ, तितकी कपात जास्त. शेवटच्या आठवड्यात बहुतेक काहीच परत मिळत नाही. हा तक्ता अटींच्या कागदावर असतो. तो वाचून मगच सही करा. कंपनीने रद्द केली तर रोख परत देणार की 'पुढच्या टूरमध्ये वळती करू' म्हणणार, ते विचारा. किमान किती माणसं भरली नाहीत तर टूर निघणार नाही, हाही आकडा विचारा. छोट्या आयोजकाकडे हे नेहमी घडतं.

छापलेलं दिलं नाही आणि बोलूनही उपयोग झाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: कंपनी मुंबईची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे बीडच्या माणसाने बीडलाच करायची, मुंबईला खेटे घालायचे नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. पुरावा म्हणून कार्यक्रमपत्रिका, पावत्या, टूर मॅनेजरशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि गळक्या खोलीचे फोटो जपून ठेवा. परत आल्यावर रागाने सगळं डिलीट करू नका.

कंपनी चांगली आहे हे कळणार कसं?

तारांकित शेरे बाजूला ठेवा. गेल्या मोसमात त्याच मार्गावर गेलेल्या दोन माणसांचे नंबर कंपनीकडे मागा आणि तिसरा स्वतः शोधा. "कशी झाली टूर?" असं विचारलं की सगळेच "छान" म्हणतात, खर्च केलेला असतो ना. म्हणून नेमकं विचारा. बस बिघडली तेव्हा काय केलं? कोणी आजारी पडलं तेव्हा दवाखान्यात सोबत कोण गेलं? जेवण उशिरा मिळालं असा दिवस किती वेळा आला? काहीच बिघडलं नाही असं सांगणाऱ्यापेक्षा "बिघडलं होतं, पण टूर मॅनेजर रात्री दोनपर्यंत आमच्यासोबत बसला" असं सांगणारा जास्त उपयोगाचा.

बसमधल्या पुढच्या सीटवरून भांडणं होतात का?

दर टूरला. काही कंपन्या बुकिंगच्या क्रमाने कायमची सीट देतात, काही रोज दोन रांगा मागे सरकवतात. कोणती पद्धत आहे ते पैसे भरतानाच विचारा. बस लागणाऱ्या माणसासाठी पुढची जागा हवी असेल तर तसं पावतीवर लिहून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी पहाटे पाचला रुमाल टाकून बसलेल्या काकूंना उठवणं कोणत्याच टूर मॅनेजरला जमत नाही.